चवथीची सवलत आणि वर्षभराचे बिल



चवथ जवळ आली की म्हापशाच्या बाजारात दोन ठिकाणी झुंबड उडते. एक माटोळीच्या सामानाकडे आणि दुसरी विजेच्या उपकरणांच्या दुकानांत. माटोळीसाठी आमचा माणूस दहा ठिकाणी फिरतो. कवंडळ किडके नाही ना, सुपारीचा कातरा ताजा आहे ना, हे उलटसुलट करून पाहतो. नारळ तर कानाशी धरून हलवल्याशिवाय पिशवीत पडत नाही. तोच माणूस तासाभराने पंचवीस हजारांचा फ्रीज घेतो तेव्हा मात्र दोनच प्रश्न विचारतो. सूट किती आणि हप्ता किती? फ्रीजच्या दारावर चिकटवलेला ताऱ्यांचा कागद घरी आल्यावर पोरे नखाने खरवडून काढतात. तो वाचण्यासाठी असतो हे कुणाच्या गावीही नसते.

या अंकात आम्हाला त्या कागदावरूनच भांडायचे आहे. सरकारशी भांडायचे आहे, दुकानदाराशी भांडायचे आहे, पण सर्वांत आधी स्वतःशी. विषय क्षुल्लक वाटेल. राजभाषा, जमिनी, विमानतळ, किनाऱ्यावरची बेकायदा बांधकामे असे मोठे प्रश्न असताना पंखा-फ्रीजचे काय घेऊन बसलात, असे कुणी विचारील. शेवटपर्यंत वाचावे आणि मग विचारावे, एवढीच विनंती.

वीज येते कुठून?

आमच्या चोपडे गावात, आगरवाड्यात, तुयेत किंवा मांद्र्यात जो दिवा लागतो त्याची वीज गोव्यात तयार होत नाही. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्रच नाही. छत्तीसगडमधील कोरबा, मध्य प्रदेशातील विंध्याचल अशा केंद्र सरकारच्या औष्णिक प्रकल्पांतून वीज विकत घ्यावी लागते. तिथे कोळसा जळतो तेव्हा इथे आमचा फ्रीज थंड होतो. घरी पोचणाऱ्या एका युनिटामागे ढोबळमानाने पाऊण किलो कोळसा लागतो. महिन्याला ३०० युनिटे वापरणारे घर म्हणजे महिन्याला सव्वादोनशे किलो कोळसा जाळणारे घर. धूर आम्हाला दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या गावावरून जातो.

ही वीज आणायला वाहिन्या लागतात. २०२० साली मोले येथील भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरातून जाणाऱ्या तीन प्रकल्पांविरुद्ध सारा गोवा उठला होता. महामार्गाचे रुंदीकरण, रेल्वेचा दुसरा मार्ग आणि गोवा-तमनार वीज वाहिनी. सांगोडच्या उपकेंद्रासाठी झाडे तोडली तेव्हा लोक हळहळले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे हजारो माणसे रात्रभर रुळांवर बसली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने २०२१ साली अहवाल दिला, आणि ही वाहिनी रानातून नवा पट्टा कापून न नेता जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी असे सुचवले. लोकांच्या आवाजाला काही किंमत असते हे त्या वेळी दिसले.

त्या आंदोलनाला आमच्यापैकी अनेकांनी पाठिंबा दिला. सह्या केल्या, मेणबत्त्या लावल्या. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण वाहिनी हवी म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा कोणता होता, तो आठवा. 'गोव्याची विजेची मागणी वाढते आहे.' या मुद्द्याला आम्ही घरातून काय उत्तर दिले? त्याच वर्षी आणि त्यानंतरच्या प्रत्येक चवथीला, सर्वांत स्वस्त म्हणून सर्वांत अधिक वीज खाणारे यंत्र उचलून आणले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कोळसा नको, वाहिनी नको आणि लेबल वाचायचेही नाही, हे तिन्ही एकत्र चालणार नाही.

कागद काय सांगतो?

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला. त्याखाली १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि २००६ पासून ताऱ्यांचे लेबल सुरू झाले. आधी ते ऐच्छिक होते. २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एअर कंडिशनर आणि ट्यूबलाइट यांना ते सक्तीचे झाले. छताच्या पंख्यांना सक्ती व्हायला २०२३ साल उजाडले. म्हणजे घरात इतके तास फिरणारी वस्तू इतक्या उशिरा कायद्याच्या कक्षेत आली.

लेबलवर तारे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. पण ताऱ्यांहून महत्त्वाचा आहे तो त्याखालचा आकडा. फ्रीजवर आणि एअर कंडिशनरवर वर्षाला किती युनिटे लागतील ते छापलेले असते. गीझरवर, तो नुसता चालू ठेवला तर चोवीस तासांत किती वीज वाया जाईल, ते असते. एअर कंडिशनरचा आकडा वर्षाला १६०० तास धरून काढलेला असतो, म्हणजे तुमचे तास जास्त असतील तर आकडाही वाढेल. आणि आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे गोदामात पडून राहिलेल्या जुन्या मालावरचे पाच तारे हे नव्या मोजणीत चार किंवा तीनच भरतात. म्हणून लेबलवरचे साल पाहावे. चवथीच्या 'महासवलती'त नेमका हाच माल पुढे केला जातो.

आमच्यापैकी एका घरात असेच झाले. तिन्ही भावांनी मिळून थोरल्या घरासाठी मोठा फ्रीज घेतला. सूट भरघोस मिळाली, वर एक मिक्सर फुकट. दोन महिन्यांनी बिल आले तेव्हा मीटरच बिघडला म्हणून तक्रार झाली. मीटर ठीक होता. लेबलवरचा आकडा घेताना कुणी वाचलाच नव्हता. फुकटचा मिक्सर वर्षभरात भावांनी स्वतःच्याच पैशाने विकत घेतला.

हिशेब मांडू

आमची घराणी हिशेबाला कच्ची कधीच नव्हती. नारळाच्या पाडपाचा, भाताच्या खंडीचा, देवस्थानच्या वर्गणीचा हिशेब पैपर्यंत ठेवणारी ही घरे. मग हाही मांडू.

छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट खातो. नव्या बीएलडीसी पद्धतीचा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. फरक ४५ वॅटचा. आपल्याकडच्या दमट हवेत पंखा दिवसाला १५ तास आणि वर्षाला ३०० दिवस सहज फिरतो. म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला दोनशे युनिटांची बचत. युनिटाला सरासरी ४ रुपये धरले तर ८०० रुपये. नवा पंखा बाराशे-पंधराशे रुपयांनी महाग पडला तरी दोन वर्षांच्या आत फरक वसूल होतो आणि पुढची सारी वर्षे फायद्याची. ज्या घरात चार पंखे फिरतात तिथे वर्षाला ८०० युनिटे वाचतात, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबाने सहाशे किलो कोळसा!

आता एअर कंडिशनर पाहू. दीड टनाची दोन यंत्रे आहेत. एकावर वर्षाला १०५० युनिटे लिहिली आहेत, दुसऱ्यावर ८००. दुसरे आठ हजारांनी महाग आहे असे समजू. घरातल्या एका खोलीत, फक्त एप्रिल-मे महिन्यांत रात्री लावणारे घर वर्षाला पाचशे तासही वापरत नाही. त्याची बचत ऐंशी युनिटांच्या आतच राहते. अशा घराने पाच ताऱ्यांसाठी कर्ज काढावे असे आम्ही सांगणार नाही. तीन तारे पुरे. पण थर्मोस्टॅट २४ वर ठेवावा. २०२० पासून यंत्रे कारखान्यातूनच २४ वर लावून येतात, ती आपण १८ वर आणतो आणि मग गोधडी घेऊन झोपतो.

म्हणजे क्रम असा. आधी दिवे आणि पंखे, मग चोवीस तास चालणारा फ्रीज, मग विहिरीवरचा पंप आणि गीझर, आणि एअर कंडिशनर शेवटी. दुकानदाराचा क्रम नेमका उलटा असतो, कारण त्याचा नफा उलट्या टोकाला असतो.

फ्रीज जुना असेल तर तो किती खातो हे घरच्या घरी कळते. रात्री झोपताना बाकी सर्व बंद करावे, फ्रीज तेवढा चालू ठेवावा, मीटरवरचा आकडा लिहून घ्यावा आणि आठ तासांनी पुन्हा पाहावा. आठ तासांत अर्धा युनिट गेला तर वर्षाचे साडेपाचशेच्या घरात गेले. मग नव्या फ्रीजच्या लेबलवरचा आकडा शेजारी ठेवून काय ते ठरवावे. फार थोडा फरक असेल तर जुनाच चालवावा. चालती वस्तू उगाच टाकून देण्याचे आम्ही समर्थक नाही. मात्र नवा आणला की जुना माडीवर नेऊन 'पाहुण्यांसाठी' चालू ठेवायचा, हा आमच्या घरांचा लाडका प्रकार बंद व्हायला हवा. त्याने बचत तर होतच नाही, बिल दुप्पट होते.

'आमच्याकडे वीज स्वस्त आहे'

हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येते. गोव्यात घरगुती वीज शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त आहे, मग एवढा काथ्याकूट कशाला? याला दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, स्वस्त वीज फुकट मिळत नाही. दर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो आणि खर्च व वसुली यांतील खड्डा सरकारी तिजोरीतून भरला जातो. ती तिजोरी आपलीच. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेल्या पैशाला कुणी लाभ म्हणत नाही. दुसरे असे की, आपले बिल टप्प्यांचे आहे. पहिली १०० युनिटे स्वस्त, पुढची महाग, त्यापुढची आणखी महाग. वाचवलेले युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून वाचते. त्यामुळे जिथे वापर जास्त तिथे बचतीचे मोल सरासरीहून अधिक.

आणखी एक आक्षेप खरा आहे, तो आम्ही टाळणार नाही. 'हे नवे पंखे आपल्या पेडण्यात टिकत नाहीत. मिरगाच्या विजा कडाडल्या, दाब वरखाली झाला की आतला बोर्ड जळतो.' हे होते. म्हणून जुन्या घरांनी आधी वायरिंग आणि अर्थिंग तपासून घ्यावे, हमीचा कागद जपून ठेवावा आणि सगळे पंखे एकदम न बदलता एका खोलीपासून सुरुवात करावी. पण दाब वरखाली होणे हा काही देवाचा कोप नव्हे, तो वीज खात्याच्या कामाचा भाग आहे. कार्यक्षम यंत्रे वापरा असे सांगणाऱ्या सरकारने ती यंत्रे जगतील अशी वीजही दिली पाहिजे. बिल वेळेवर भरणाऱ्याला हे मागण्याचा पूर्ण हक्क आहे.

भाड्याच्या खोल्यांचे काय?

आता जे लिहितो आहोत ते आमच्याच काहींना झोंबेल. शिवोली-चोपडे पूल झाला, फेरीबोटीची वाट पाहणे संपले आणि मोरजी-आश्वेचा पर्यटक आमच्या दारात आला. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि ओघ वाढला. अनेक जुन्या घरांनी मागच्या बाजूला चार-सहा खोल्या बांधल्या. त्यात गैर काही नाही. शेती परवडत नाही, आगरांतल्या मिठावर आता कुणाचे घर चालत नाही, मुले नोकरीला बाहेर. खोल्या हाच आधार.

पण त्या खोल्यांत यंत्रे कोणती लागली? बाजारातली सर्वांत स्वस्त. कारण जिथे वीज भाडेकरूने भरायची तिथे मालकाला फिकीर नाही, आणि जिथे भाड्यातच वीज धरली तिथे पाहुण्याला फिकीर नाही. पाहुणा समुद्रावर असतो आणि खोली गारठत असते. अशी खोली वर्षाला अडीच-तीन हजार तास यंत्र चालवते. वरच्या उदाहरणातला फरक तिथे साडेचारशे युनिटांवर जातो. व्यावसायिक दर ६ रुपये धरला तर वर्षाला सत्तावीसशे रुपये, एका खोलीमागे. आठ हजार जादा दिलेले तीन वर्षांत परत. पाच ताऱ्यांची खरी गरज इथे आहे, आणि इथेच आम्ही एक तारा लावून ठेवतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

शिवाय उन्हाळ्याच्या रात्री वाड्यावरचा ट्रान्सफॉर्मर बसतो तेव्हा भाडेकरू आणि मालक दोघेही अंधारातच असतात, आणि ज्याच्या घरी एकही एअर कंडिशनर नाही अशी शेजारची म्हातारीही. तिने काय अपराध केला?

आजोबांची काटकसर

आम्ही स्वतःला काटकसरी म्हणवतो. पण आमच्या आजोबांची काटकसर स्वस्ताची नव्हती. त्यांनी घर बांधले तेव्हा जाड चिऱ्यांच्या भिंती घातल्या, उंच कौलारू छप्पर केले, मध्ये राजांगण सोडले, दाराला फणसाचे लाकूड वापरले. त्या वेळी एकदाच अधिक पैसे मोडले आणि तीन पिढ्या सावलीत राहिल्या. न्हाणीतले भाण करवंट्या आणि झावळ्यांवर तापत असे, बाहेरून काही आणावे लागत नसे. आज तेच घर पाडून स्लॅब घालायचा, दुपारी तो तव्यासारखा तापला की यंत्र लावायचे, आणि तेही सर्वांत स्वस्त. हिला काटकसर कशी म्हणावी? कौले शाबूत असलेले घर हे या तालुक्यातले सर्वांत कार्यक्षम उपकरण आहे. ते राखणे हाही बचतीचाच मार्ग.

आमच्या मागण्या

सरकारकडे आणि पंचायतीकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, उपकरणाचे लेबल आणि विजेचे बिल कसे वाचावे याचे मराठी पत्रक वीज खात्याने प्रत्येक बिलासोबत द्यावे. जे वाचता येत नाही त्यावरून ग्राहकाने शहाणपणाने निवड करावी, ही अपेक्षा फोल आहे.

दोन, कार्यक्षम पंखे हप्त्याने द्यावेत आणि हप्ता बिलातून वळता करावा. २०१५ साली उजाला योजनेतून एलईडी दिवे स्वस्त करून देशभर पोचवता आले, तर पंखे का नाहीत?

तीन, सरकारी कार्यालये, शाळा आणि पंचायतींनी सर्वांत कमी किमतीची निविदा हा एकच निकष न ठेवता यंत्राच्या आयुष्यभराचा विजेचा खर्च धरून खरेदी करावी. आणि भर दुपारी जळणारे रस्त्यावरचे दिवे आधी बंद करावेत.

चार, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली खोल्यांची नोंदणी किंवा नूतनीकरण करताना तिथल्या एअर कंडिशनरचे तारे नोंदवून घ्यावेत आणि खाली मर्यादा घालावी. या नियमाचा पहिला फटका आमच्याच लोकांना बसेल हे ठाऊक असूनही आम्ही हे मागतो.

पाच, मोठी हॉटेले, कारखाने आणि कॅसिनो यांच्या वीजवापराचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा. घरातला पंखा बदलणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा अधिकार आहे.

आणि आपणा सर्वांकडे एकच मागणी. मांद्रे मतदारसंघात मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न विचारा, पण त्याला बसायला खुर्ची द्याल तेव्हा डोक्यावरचा पंखा कोणता फिरतो आहे ते आधी पाहून घ्या. तो नेमका तेच बोट आपल्याकडे वळवील. येत्या चवथीला बाजारात जाल तेव्हा नारळ जसा हलवून घेता तसा लेबलवरचा आकडा वाचून घ्या, साल पाहा, आणि सवलतीचा आकडा सर्वांत शेवटी विचारा. घरी आल्यावर तो कागद पोरांना खरवडू देऊ नका. त्यावरची वर्षाची युनिटे वहीत उतरवा आणि पुढच्या चवथीला आलेल्या बिलाशी ताडून पाहा.

ज्या घरांनी हा हिशेब वर्षभर ठेवला असेल त्यांनी तो आमच्याकडे पाठवावा. नावे न छापता आकडे छापू. सरकारकडे जाताना आमच्या हातात घोषणांबरोबर चोपड्याच्या घरांचा स्वतःचा हिशेब असावा, एवढीच इच्छा.